मोरघारीचा संसार

मुलांनो, पावसाळा सरून तळी तुडुंब भरली आणि पहाटे अंगावर गोधडी ओढून घ्यावीशी वाटू लागली, की आपल्याकडच्या मोठ्या जलाशयांवर एक दूरदेशीचा पाहुणा येतो. उजनी धरणाचं भिगवणच्या बाजूला पसरलेलं पाणी, पैठणचा नाथसागर, अशा ठिकाणी तो हमखास दिसतो. पाण्यात उभ्या असलेल्या वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर एकटाच बसलेला असतो. घारीएवढाच, पण पंख जास्त लांब. पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र, आणि डोळ्यावरून मानेपर्यंत काळपट पट्टा, जणू कुणी काजळाचं बोट ओढलंय. याचं नाव मोरघार. कुणी कैकर म्हणतात. इंग्रजीत ऑस्प्रे. नावात मोर असला तरी मोराशी त्याचं काही नातं नाही, बरं का!

हा पक्षी जवळजवळ फक्त मासेच खातो. आपली नेहमीची घार मेलेला उंदीर खाईल, कोंबडीचं पिलू पळवील, खाटकाच्या दुकानाशी घिरट्या घालील. मोरघारीला यातलं काही चालत नाही. तिला जिवंत मासा लागतो आणि तोही तिनं स्वतः पकडलेला. त्यासाठी निसर्गानं तिला हत्यारंही तशीच दिली आहेत. पाण्यावर उंच घिरट्या घालता घालता मासा दिसला, की ती एका जागी पंख फडफडवत थांबते, नेम धरते आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात पडते. एखाद वेळी तर पूर्ण बुडून जाते. नाकपुड्या पाण्यात मिटून घेता येतात. पिसं तेलकट आणि दाट, म्हणून पाणी आत मुरत नाही. तळपायाला बारीक काटे असतात. आणि चार बोटांपैकी बाहेरचं एक बोट मागे वळवता येतं, म्हणजे दोन बोटं पुढे आणि दोन मागे. मासा कितीही बुळबुळीत असो, त्या पकडीतून सुटणं कठीण. कोळ्याच्या हातून निसटणारा मासा तिच्या पायातून निसटत नाही! तरी तिचे कित्येक सूर रिकामे जातात, हेही खरं.

आता प्रश्न असा, की हिचं घरटं कुणी पाहिलंय का? गावातल्या कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा, नाही म्हणेल. कारण ती इथे घरटं करतच नाही. इथे ती हिवाळा काढायला येते आणि उन्हं तापू लागली की उत्तरेकडे निघून जाते. तिचा संसार थंड देशांत. आपल्याकडे येणाऱ्या मोरघारी उत्तर आशियाकडून येतात. पण घरट्यासमोर दिवसरात्र बसून, दुर्बिणी लावून, पुढेपुढे तर घरट्याशेजारी कॅमेरे लावून ज्यांचा संसार माणसांनी फार बारकाईनं पाहिला, त्या मोरघारी ब्रिटनमधल्या. तेव्हा आपणही तिकडेच जाऊ या.

ब्रिटनमध्ये एके काळी मोरघारी पुष्कळ होत्या. पण तळ्यांचे मालक म्हणत, आमचे मासे खाते, मारा हिला. शिकारी म्हणत, पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवू. आणि तिसरे लोक होते अंडी गोळा करणारे. तुम्ही जशी काड्यापेट्यांची चित्रं किंवा पोस्टाची तिकिटं जमवता, तशी हे लोक पक्ष्यांची अंडी जमवत. अंड्याला भोक पाडायचं, आतला बलक काढून टाकायचा आणि कवच कापसावर मांडून ठेवायचं. पक्षी जितका दुर्मिळ, तितकं त्याचं अंडं मोलाचं. म्हणजे जे पक्षी थोडे उरले, त्यांच्यावरच यांचा जास्त डोळा! असं करता करता १९१६ साली स्कॉटलंडमध्ये शेवटच्या घरट्याची नोंद झाली आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे मोरघारीचा संसार थाटलेला दिसला नाही.

मग १९५४ साली नवल घडलं. कुणी बोलावलं नव्हतं, आणून सोडलं नव्हतं. आपलीआपण एक जोडी स्कॉटलंडमधल्या गार्टन नावाच्या तळ्याजवळ येऊन राहिली. त्याच वर्षी पक्ष्यांची अंडी नेणं गुन्हा ठरवणारा कायदाही तिथे झाला होता. पण कायदा झाला म्हणून चोर थांबतो का? पक्षिरक्षण करणाऱ्या संस्थेनं मग झाडावर पहारा बसवला. १९५८ सालच्या जूनमधली गोष्ट. रात्रीच्या काळोखात एक माणूस पहारेकऱ्यांना चुकवून झाडावर चढला. पहारेकरी धावले तसा तो पळाला, पण पळताना त्याच्या हातून मोरघारीची अंडी पडून फुटली. मग घरट्यात पाहतात तो काय, दोन अंडी आहेत! पण ती होती कोंबडीची. बुटाला लावायच्या तपकिरी पॉलिशनं रंगवलेली. ओळखू येऊ नये म्हणून चोरानं ती ठेवून दिली होती. त्या वर्षीचा संसार असा मोडला.

पुढच्या वर्षी, १९५९ साली, संस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी एक धाडसाचा निर्णय घेतला. आतापर्यंत सगळ्यांचं म्हणणं होतं, की घरट्याची जागा गुप्त ठेवा. ते म्हणाले, गुप्त ठेवून काय मिळालं? चोराला पत्ता लागतोच, फक्त चांगल्या माणसांना लागत नाही. म्हणून त्यांनी झाडाच्या बुंध्याला काटेरी तार गुंडाळली, चोवीस तास पाळीपाळीनं पहारा ठेवला आणि थोड्या अंतरावर लाकडी आडोसा बांधून त्यात दुर्बिणी लावल्या. मग जाहीर केलं, की या आणि पाहा! त्या उन्हाळ्यात चौदा हजारांच्या आसपास माणसं आली. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेला जमावीत तेवढी. आणि त्या वर्षी तीन पिलं वाढून उडून गेली. हजारो डोळे ज्या घरट्यावर आहेत तिथे चोरी करणं अवघड, हे वॉटरस्टन यांचं गणित बरोबर निघालं. पूर्ण बरोबर मात्र नाही. १९७१ साली तिथली अंडी पुन्हा चोरीला गेली, आणि १९८६ साली तर कुणी दुष्टानं करवतीनं झाडच कापायचा प्रयत्न केला. अर्धवट कापलेलं झाड लोखंडी पट्ट्यांनी जखडून उभं ठेवलं. घरटं पडलं नाही.

त्या आडोशामधून आणि पुढे कॅमेऱ्यांमधून लोकांना काय दिसलं, ते आता सांगतो. खरी मजा तिथेच आहे.

मार्चअखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला पक्षी येतात. बहुधा आधी एक येतो, चार दिवसांनी दुसरा. हे दोघे हिवाळाभर एकत्र नसतात, हे लक्षात ठेवा. ब्रिटनच्या मोरघारी हिवाळ्याला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, सेनेगल, गांबिया अशा देशांत जातात. नर एका खाडीवर, मादी शेकडो मैल दूर दुसरीकडे. एकमेकांचा पत्ता नाही. पण वसंत आला की पाच हजार किलोमीटर उडून दोघे त्याच तळ्यावर, त्याच झाडावर, त्याच घरट्यात येऊन उतरतात. भेट होते ती घरट्यावर. एक वेळेवर आला नाही, तर दुसरा थोडे दिवस वाट पाहतो आणि मग नवा जोडीदार धरतो. आपल्याला हे कोरडं वाटेल. पण उत्तरेकडचा उन्हाळा लहान असतो, वाट पाहत बसलं तर पिलं मोठी व्हायला दिवस पुरायचे नाहीत.

घरटं म्हणजे काटक्यांचा मोठा भारा. झाडाच्या अगदी शेंड्यावर, वर आभाळ उघडं. कधी विजेच्या खांबावर किंवा माणसांनी मुद्दाम उभारलेल्या खांबावरच्या फळीवरही करतात. दर वर्षी जुन्याच घरट्यावर नव्या काटक्या रचायच्या, मध्ये शेवाळ आणि वाळलं गवत अंथरायचं. त्यामुळे जुनं घरटं इतकं रुंद होतं, की त्यात एखादं मूल सहज बसेल. नर काटकी आणतो आणि मादी ती जिथे पाहिजे तिथे खोचते. बरेचदा त्यानं ठेवलेली उचलून दुसरीकडे ठेवते. हे पाहून तिथल्या बायका फार हसतात म्हणे.

याच दिवसांत नर आभाळात खेळ करतो. पायात मासा धरून उंच जातो, ओरडत वरखाली झोके घेतो. पाहा, मी किती चांगला मासेमार आहे, असं जणू सांगतो. आणि ते सांगणं महत्त्वाचंही आहे, कारण अंडी घातल्यावर मादीला स्वतः शिकार करायला सवडच नसते. तिचं पोट भरायचं काम त्याचं.

अंडी बहुधा तीन. कोंबडीच्या अंड्याहून थोडी मोठी, पांढरट आणि त्यांवर तांबूस-तपकिरी डाग. तिन्ही एकाच दिवशी घातलेली नसतात; एक घातलं की एक-दोन दिवस सोडून दुसरं. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. साधारण सदतीस दिवस लागतात. आपली कोंबडी एकवीस दिवस बसते, तेव्हा हिचा धीर किती पाहा. बहुतेक वेळ मादीच बसते. नर मासा आणतो तेव्हा ती तो घेऊन शेजारच्या फांदीवर जाते आणि तेवढा वेळ नर अंड्यांवर बसतो. बसताना दोघेही पायाची नखं आत मुडपून घेतात, म्हणजे माशाला टोचणारं नख अंड्याला लागू नये.

पहिलं अंडं आधी उबलेलं असल्यामुळे पिलंही एकामागून एक बाहेर येतात. थोरलं, मधलं, धाकटं. या दोन-तीन दिवसांच्या अंतराला फार अर्थ आहे, तो पुढे कळेल.

अंड्यातून निघालेलं पिलू पन्नास-साठ ग्रॅमचं असतं, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं वजन. अंगावर मातकट लव आणि पाठीवरून एक फिकी रेघ. घरट्यात दबून बसलं, की काटक्यांत दिसतच नाही. मान धरवत नाही, डुगडुगते. मादी मासा पायाखाली दाबून धरते, चोचीनं नखाएवढा तुकडा तोडते, मान वाकडी करते आणि अगदी हळुवार पिलाच्या चोचीत ठेवते. ज्या चोचीनं माशाची खवलं फाडली तीच ही चोच, यावर विश्वास बसत नाही! तुकडा खाली पडला तर स्वतः खाते आणि दुसरा तोडते. नर मासा आणतो तो बहुधा डोकं खाल्लेला असतो. म्हणजे आपलं जेवण वाटेत उरकून बाकीचा घरी आणतो. यात लबाडी नाही. त्याचं पोट भरलं नाही, तर उद्या मासा आणणार कोण?

पिलं वाढतात फार झपाट्यानं. दहा-बारा दिवसांत लव जाऊन ती काळपट, खरखरीत, सरड्यासारखी दिसू लागतात. पाहणाऱ्याला किळस येईल असं ध्यान! मग पिसांच्या काड्या फुटतात. पाच-सहा आठवड्यांत दीड किलोच्या आसपास वजन होतं. एवढं मांस अंगावर चढायचं म्हणजे मासे किती लागत असतील? नराला दिवसाला पाच-सहा मासे आणावे लागतात. इथे तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातली एक गोष्ट उपयोगी पडते. आपल्याकडे जूनमधला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. उत्तर स्कॉटलंडमध्ये तोच दिवस जवळजवळ अठरा तासांचा असतो. रात्री दहा वाजता उजेड आणि पहाटे चारला पुन्हा उजेड. म्हणजे बापाला मासेमारीला दर दिवशी चार-पाच तास जास्त मिळतात. इतक्या लांब उडत का जायचं, याचं एक उत्तर हे आहे.

आणखी एक गंमत सांगतो, हसू नका. पिलं अगदी लहान असतानाही घरट्यात घाण करत नाहीत. मागे मागे सरकत कडेपर्यंत जातात, शेपटी वर करतात आणि पिचकारी बाहेर सोडतात. आईनं शिकवलेलं नाही, उपजतच येतं. आपल्या काही मित्रांना शाळेच्या भिंतीमागे जाताना हे आठवावं!

मादी या दिवसांत घरटं सोडतच नाही म्हटलं तरी चालेल. ऊन आलं की पंख पसरून सावली करते. पाऊस आला की तीच छत्री. मोठ्या पक्ष्याची पिसं पाणी झटकतात, पण पिलांची लव भिजते, आणि भिजलेलं पिलू थंडीनं काकडून मरतं. कावळे टपलेले असतात. परकी मोरघार घरट्यावरून गेली तरी मादी ओरडून ओरडून आकांत करते.

आता थोरल्या-धाकट्याचं. मासे भरपूर असले, की तिन्ही पिलं शेजारी बसून गुण्यागोविंदानं खातात. पण मासे कमी पडले, की थोरलं धाकट्याला टोची मारून मागे ढकलतं. धाकटं डोकं खाली घालून गप्प पडून राहतं. आईही मध्ये पडत नाही; जी चोच पुढे येते तिला भरवते. आपल्याला राग येतो. पण विचार करा, तिघांना अर्धपोटी ठेवलं तर तिन्ही मरतील. तंगीच्या वर्षी एक-दोन तरी जगावीत, चांगल्या वर्षी तिन्ही जगावीत, अशी ही सोय आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराचा अर्थ हा.

तंगी काय असते ते वेल्समधल्या डवी नदीकाठच्या घरट्यानं दाखवलं. वेल्स हा ब्रिटनचाच पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. तिथे दलदलीत एका खांबावर फळी बसवली होती. २०११ साली तिच्यावर एका जोडीनं संसार मांडला. लोकांनी नराचं नाव ठेवलं मॉन्टी आणि मादीचं नोरा. त्या खोऱ्यात चारशे वर्षांत मोरघारीची पिलं झाली नव्हती. त्या वर्षी तीन झाली. पिलांना तिथल्या नद्यांची नावं देतात. आपण मुलींना गोदावरी, कृष्णा अशी नावं ठेवतो ना, तसंच.

२०१२ साली पुन्हा तीन पिलं झाली. ती अगदी लहान असतानाच जून महिन्यात वादळी पाऊस सुरू झाला. सोसाट्याचा वारा, थांबायचं नाव नाही, नद्यांना पूर. पाणी गढूळ झालं. तुम्हीच सांगा, मोरघार मासा कसा शोधते? वरून पाहून. गढूळ पाण्यात मॉन्टीला मासा दिसेना. नोरा पिलांवर पंख पसरून बसलेली. ती उठली तर पिलं भिजणार, न उठली तर भरवणार कशी? आणि भरवायला मासा तरी कुठाय? कॅमेऱ्यातून माणसं हे पाहत होती. दोन पिलं मेली. तिसरं उरलं, तेही मान टाकायच्या बेताला आलं होतं.

तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांपुढे मोठा पेच पडला. रानातल्या पक्ष्याच्या संसारात माणसानं हात घालायचा का? एक पक्ष म्हणतो, घालू नये. पाऊस, उपासमार हे निसर्गाचंच आहे, आणि माणूस घरट्याशी गेला तर मादी बिथरून घरटं सोडून जाईल. दुसरा पक्ष म्हणतो, या पक्ष्याला या देशातून घालवलं कुणी? माणसानंच. मग एका पिलाला घासभर मासा दिला तर बिघडलं कुठे? शेवटी ते घरट्यापर्यंत चढले आणि त्या पिलाला मासा भरवून परत ठेवलं. नोरा परत आली, पिलावर बसली. पिलू जगलं. त्याचं नाव केलन.

मला विचाराल तर त्यांनी केलं ते बरोबर केलं. तेव्हा साऱ्या वेल्समध्ये मोरघारीची घरटी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. शंभर घरटी असती तर मी म्हटलं असतं, नको, दूर राहा. पण यावर तुमच्या वर्गात वाद घाला. गुरुजी म्हणतात म्हणून मान डोलावू नका.

पिलं पाच-सहा आठवड्यांची झाली, की माहीतगार माणसं परवानगी घेऊन घरट्याशी जातात आणि पिलाच्या पायात रंगीत वाळं घालतात. त्यावर मोठी अक्षरं असतात, ती दुर्बिणीतून वाचता येतात. पुढे तो पक्षी कुठेही दिसला तरी ओळखू येतो. माणूस जवळ आला, की मादी वरून ओरडते आणि ती खूण ऐकून पिलं घरट्यात पोट टेकून मेल्यासारखी पडून राहतात. हात लावला तरी हलत नाहीत.

मग येतो उडण्याचा काळ. आधी घरट्यातच पंख फडफडवणं. काटक्या उडतात, भावंडाच्या तोंडावर पंख बसतात. नंतर वाऱ्याच्या झोतावर वीतभर वर उचललं जायचं आणि घाबरून खाली बसायचं. असं करता करता साडेसात आठवड्यांच्या सुमाराला एके दिवशी पिलू जे उचललं जातं, ते घरट्याबाहेरच! पहिली फेरी बरी होते. उतरणं मात्र जमत नाही. फांदीवर बसायला जातं आणि उलटं लोंबकळतं. घरट्यावर उतरायला जातं आणि भावंडाच्या पाठीवर आदळतं. उडायला आलं तरी पोट आईबापांच्याच जिवावर असतं. मासा घरट्यावरच येतो. आणखी महिनाभर तरी पिलं तिथेच घुटमळतात.

ऑगस्टमध्ये आई निघून जाते. सगळ्यांत आधी तीच. अंडी, पिलं, भरवणं यांत तिची ताकद गेलेली असते. बाप मागे राहून पिलांना मासे पुरवतो. मग एकेक पिलू जातं आणि कुणी ओरडायला उरलं नाही, की शेवटी बाप निघतो. आता आश्चर्य पाहा. ज्या पिलानं आपल्या तळ्यापलीकडचं जग पाहिलेलं नाही, ते एकटंच उठतं, दक्षिणेकडे तोंड करतं आणि समुद्र, डोंगर, सहारा वाळवंट ओलांडून आफ्रिकेला पोहोचतं. बरोबर आई नाही, बाप नाही, वाटाड्या नाही. मासा पकडायलाही आईबापांनी शिकवलेलं नसतं. भूक लागली की स्वतःच सूर मारून शिकायचं. वाटेत वादळं, वाळवंट, समुद्र. निम्म्याहून जास्त पिलं मोठी होण्याआधीच मरतात. जी तरतात, ती दोन वर्षं आफ्रिकेतच राहतात आणि मग आपल्या जन्मगावाकडे परततात.

केलनच्या पाठीवर दप्तरासारखं एक छोटं यंत्र बांधलं होतं. त्यावरून तो कुठवर गेला ते घरबसल्या कळे. तो सेनेगलला सुखरूप पोहोचला. इतकं वाचलेलं, इतकं उडालेलं पिलू! पण त्याच हिवाळ्यात तिथे मासे पकडायच्या जाळ्यात अडकून तो मेला. पुढल्या वसंतात नोराही परतली नाही. मॉन्टी आला, त्यानं दुसऱ्या मादीबरोबर संसार मांडला आणि २०१९पर्यंत दर वर्षी येत राहिला. २०२०च्या वसंतात तो आला नाही.

जाळ्यांवरून आठवलं. आपल्या तलावांत चिलापीसाठी लावलेली नायलॉनची फाटकी जाळी काठाला तशीच टाकून देतात. बगळा, पाणकावळा त्यात गुंतलेला तुम्ही पाहिला असेल. नायलॉन कुजत नाही.

आणखी एक शत्रू होता, तो दिसत नसे. तुमच्या आजोबांना डीडीटी विचारा. मलेरियाच्या फवारणीवाले घरोघर येत, भिंतींवर पांढरे डाग पडत, ते डीडीटी. अमेरिकेत शेतांवर, दलदलींवर ते पुष्कळ फवारलं. पावसानं ते पाण्यात गेलं, पाण्यातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत, आणि मोठे मासे खाणार मोरघार. दर पायरीला विष साठत साठत वाढत गेलं. पक्षी लगेच मरत नसत. पण अंड्याचं कवच इतकं पातळ होई, की आई उबवायला बसली की तिच्याच वजनानं अंडं फुटे. १९५० ते १९७० या काळात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची घरटी झपाट्यानं ओस पडली. १९७२ साली अमेरिकेनं डीडीटीवर बंदी घातली. हळूहळू कवचं पुन्हा जाड झाली आणि घरटी पुन्हा भरली. ब्रिटनमध्येही आता दोनशेच्या वर जोड्या आहेत. १९५४ साली एक होती.

आता या हिवाळ्यात तुम्हाला मोरघार पाहायची असेल तर काय करायचं ते सांगतो. सकाळी तळ्यावर जा. पाण्यात उभे असलेले खुंट, कोळ्यांनी रोवलेले बांबू, विजेचे खांब यांचे शेंडे आधी न्याहाळा. मोठा पक्षी दिसला की पोट पाहा. घारीचं पोट तपकिरी असतं, मोरघारीचं पांढरं. उडताना घारीची शेपटी माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली दिसते, हिची सरळ कापलेली. लांबूनच पाहा, बोटं दाखवू नका, ओरडू नका. सूर मारून वर आली, की ती उडता उडताच ओल्या कुत्र्यासारखं अंग झाडते. तेव्हा पाण्याचे थेंब उन्हात चमकतात. मासा मिळाला असेल तर त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहा. ती तो नेहमी आगगाडीसारखा, डोकं पुढे करून नेते, म्हणजे वारा कमी अडतो. मासा खाऊन झाला की कधी कधी पाय पाण्यातून ओढत नेऊन धुतेही.

वहीत तारीख, वेळ, जागा आणि किती सूर मारले, त्यांतले किती फुकट गेले, एवढं लिहा. आणि हो, पायाकडे नीट पाहा. रंगीत वाळं दिसलं तर रंग आणि अक्षरं जशीच्या तशी उतरून माझ्याकडे आणून द्या. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पत्र टाकलं, की तो पक्षी कुठे आणि कधी जन्मला याचा शोध त्यांना घेता येतो.